मुलूख पाहून वाहन

वाळवा तालुक्यात राहणाऱ्या माणसाला रस्त्यांच्या बहुतेक सगळ्या जाती एका दिवसाच्या फेरीत भेटतात. इस्लामपूरहून पेठ नाक्याला आले की पुणे-बेंगळुरू महामार्ग लागतो, आणि त्याच्या सातारा-कागल टप्प्यात सहापदरीकरणाचे काम दीर्घकाळ चाललेले असल्यामुळे गुळगुळीत पट्टा संपून खडीचा वळणरस्ता केव्हा सुरू होईल याचा नेम नसतो. हाच महामार्ग ओलांडून पश्चिमेस बत्तीस शिराळ्याच्या वाटेला लागले म्हणजे कोकरूड, चरण, आरळा अशी गावे घेत वारणेच्या खोऱ्यातून चढणारी सडक चांदोलीच्या अरण्याच्या दारापर्यंत नेते. आणि पूर्वेस कृष्णेकडे वळले तर बोरगाव-बहे परिसरातील काळी कसदार जमीन, तिच्यातल्या उसाच्या फडांमधून गेलेल्या पाणंदी आणि मृगाच्या पावसानंतर त्यांचा होणारा चिकट चिखल यांच्याशी गाठ पडते. अशा मुलखात दुचाकी ठेवणाऱ्याने कोणती गाडी घ्यावी हा प्रश्न हौसेइतकाच भूगोलाचाही आहे, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत गेले. आणि यंदा माझी लहान गाडी काढून मध्यम आकाराची ॲडव्हेंचर मोटारसायकल घेण्याचा योग आला तेव्हा त्या मताची पुरती परीक्षा झाली. आपल्या भागातील पुष्कळ तरुणांचे लक्ष या गाड्यांकडे लागलेले दिसते, म्हणून त्या परीक्षेचा तपशील येथे मांडतो.

पूर्वी या भागात हे काम राजदूतने केले. पोलंडच्या एसएचएल गाडीच्या धर्तीवर एस्कॉर्ट्स कंपनीने काढलेली ती १७५ घनसेंटीमीटरची दणकट गाडी दुधाच्या किटल्या दोन्ही अंगांना बांधून वाडीवस्तीवरून डेअरीपर्यंत इमानाने येत असे, आणि ओढा, बांध व दगडगोटे ओलांडणे हा तिच्या मालकाच्या रोजच्या वहिवाटीचा भाग होता. पुढे रस्त्यावर आणि रस्त्याबाहेर सारख्याच अधिकाराने चालावी या हेतूने मुद्दाम बांधलेली हलकी गाडी हीरोने २०११ मध्ये इम्पल्स या नावाने आणली. ती दीडशे घनसेंटीमीटरची गाडी बाजारात फार काळ राहिली नाही, परंतु २०१९ मध्ये आलेल्या एक्सपल्स २०० ने तो वारसा पुढे चालवला आणि २०२१ मध्ये तिच्या इंजिनाला चार व्हॉल्व्ह मिळाले. माझी गाडी या चार व्हॉल्व्हच्या जातीची.

तिचे गुण सांगितल्यावाचून पुढे जाणे म्हणजे कृतघ्नपणा होईल. पुढचे चाक २१ इंचांचे, म्हणून खड्ड्याच्या काठावर ते आदळण्याऐवजी चढून जाते. जमिनीपासून पोटाचे अंतर २२० मिलिमीटर, म्हणून सरीचा वरंबा किंवा फरशीवरचा दगड इंजिनाला लागत नाही. आणि पुढचे मडगार्ड चाकापासून पुष्कळ उंचावर बसवलेले, ज्याचे महत्त्व काळ्या मातीच्या प्रदेशातील माणसालाच समजेल. ही माती ओली झाली की टायरच्या खाचांत भरते, टायरबरोबर वर येते, आणि मडगार्ड चाकाला चिकटून असेल तर त्या चिंचोळ्या जागेत तिचा थर साचत जाऊन अखेरीस चाक फिरायचेच थांबते. पावसाळ्यात साधी गाडी पाणंदीच्या मध्यावर उभी करून काटकीने माती कोरून काढणारे शेतकरी आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. या सर्वांवर कळस असा की गाडीचे वजन टाकीतल्या पेट्रोलसह १५८ किलो, म्हणजे घसरून आडवी झाली तरी एकट्या माणसाने उभी करावी इतकेच.

मग ती बदलावी कशासाठी, असा प्रश्न घरातूनही आला आणि तो अगदी रास्त होता. त्याचे उत्तर महामार्गावर आहे. सुमारे १९ अश्वशक्तीचे यंत्र एकट्या माणसाला घेऊन ताशी ऐंशी किलोमीटरने समाधानाने धावते. पण मागे दुसरे माणूस, बाजूच्या पिशव्यांत चार दिवसांचे सामान, समोर खंबाटकीचा चढ आणि शेजारून जाणाऱ्या मालमोटारींची रांग अशी स्थिती आली की त्या यंत्रापाशी काही शिल्लक उरत नाही. ऊसतोडणीच्या हंगामात, म्हणजे साधारणपणे दिवाळीपासून पुढे चैत्रापर्यंत, आपल्या अंतर्गत रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्यांकडे जात असतात. त्यांची लांबी मोठी, मागचा दिवा पुष्कळदा उसाच्या पाल्याआड गेलेला, आणि त्यांना ओलांडण्यासाठी जो मोकळा अवकाश मिळतो तो अवघ्या काही क्षणांचा असतो. या क्षणांत गाडीने तत्परतेने पुढे झेप घेणे हा प्राणरक्षणाचा विषय आहे. मुलगी पुण्यास शिकावयास गेल्यापासून पतिपत्नी दोघांचे महामार्गावरून जाणे-येणे वाढले, आणि या शिल्लक शक्तीची गरज मला प्रकर्षाने जाणवू लागली.

मोठ्या ॲडव्हेंचर गाड्यांचा उगम युरोपात आहे. पॅरिस-डाकार शर्यतीचे पहिले पर्व १९७९ मधले. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस ही गाडी काढली आणि पुढच्याच वर्षी ह्यूबर्ट ओरिओल याने बीएमडब्ल्यूवर बसून ती शर्यत जिंकली, तेव्हापासून जड इंजिनाची, उंच बांध्याची, डांबर आणि वाळू दोन्हींवर चालणारी गाडी हा एक स्वतंत्र वर्ग जगात मान्य झाला. परंतु त्या गाड्या दोनशे किलोंच्या बऱ्याच पुढच्या, आणि त्यांचे मोल आपल्याकडील मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरचे. आपल्याकडे या कल्पनेला परवडणारे रूप मिळाले ते २०१६ मध्ये, रॉयल एनफील्डच्या ४११ घनसेंटीमीटरच्या हिमालयनमुळे; २०२० मध्ये केटीएमची ३९० ॲडव्हेंचर आली, जी बजाजच्या चाकणच्या कारखान्यात, म्हणजे आपल्याच राज्यात तयार होते; आणि २०२३ च्या अखेरीस हिमालयनचा ४५२ घनसेंटीमीटरचा, पाण्याने थंड होणारा नवा अवतार प्रसिद्ध झाला. आज अडीचशे ते साडेचारशे घनसेंटीमीटरच्या दरम्यान निवडीला पुरेसा वाव आहे, आणि निवडीचा गोंधळही त्यातूनच उत्पन्न होतो.

माझ्या दप्तरात अखेरपर्यंत चार नावे राहिली. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २४९ घनसेंटीमीटरची, साडेसव्वीस अश्वशक्तीची आणि वजनाला केवळ १६७ किलो. टीव्हीएसची २०२५ च्या ऑक्टोबरात आलेली अपाचे आरटीएक्स सुमारे तीनशे घनसेंटीमीटरची, ३६ अश्वशक्तीची, १८० किलोंची. केटीएमची ३९० ॲडव्हेंचर २०२५ मध्ये नव्याने आली ती ३९९ घनसेंटीमीटर आणि ४६ अश्वशक्ती घेऊन, सुमारे १८३ किलोंत. आणि हिमालयन ४५० ही चाळीस अश्वशक्तीची, १९६ किलोंची. या आकड्यांचा भागाकार करून पाहिला म्हणजे प्रत्येक अश्वशक्तीला किती वजन ओढावे लागते ते कळते: एक्सपल्सला सव्वाआठ किलो, व्ही-स्ट्रॉमला सव्वासहा, आरटीएक्स आणि हिमालयन यांना जवळजवळ पाच-पाच, आणि केटीएमला चार. महामार्गापुरता विचार केला तर हा क्रम पुरेसा बोलका आहे, आणि चारांपैकी कोणतीही गाडी घेतली तरी माझी अडचण दूर होणार होती.

यानंतर घरच्या जमाखर्चाची बाब आली, आणि तीत ३५० घनसेंटीमीटर ही एक हद्द सरकारने आखून ठेवली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले, त्यांत ३५० पर्यंतच्या मोटारसायकलींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला आणि त्यावरच्या गाड्यांचा, जो पूर्वी उपकर धरून ३१ टक्के होता, तो ४० टक्के झाला. विम्यातही हीच हद्द पाळली जाते: २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे नव्या गाडीचा पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा १५० ते ३५० पर्यंत ७,३६५ रुपये, तर त्यापुढे १५,११७ रुपये. म्हणजे व्ही-स्ट्रॉम आणि आरटीएक्स हद्दीच्या अलीकडे, केटीएम आणि हिमालयन पलीकडे. आणि पलीकडे जाणाऱ्याने त्या अंतराचे मोल आपल्याला खरोखर वसूल करता येईल काय, याची रुजवात शांतपणे करून घ्यावी. इंधनाचीही तीच कथा आहे. लिटरला साधारण अडतीस किलोमीटर देणारी एक्सपल्स तेरा लिटरांत जेवढे अंतर कापते, तेवढ्यालाच हिमालयनला सतरा लिटरांची भरलेली टाकी लागते.

परंतु ज्या एका गोष्टीकडे खरेदीदाराचे सर्वात कमी लक्ष जाते आणि ज्या गोष्टीवर आपल्या मुलखात सर्व काही अवलंबून असते, ती म्हणजे वजन, आणि तेही तराजूवरचे नव्हे, तर माणसाच्या दोन पायांवर येणारे. गाडी धावत असते तोवर वजन जाणवत नाही, किंबहुना महामार्गावरच्या वाऱ्यात ते उपकारकच ठरते; त्याची खरी जाणीव होते ती गाडी थांबताना, वळवताना आणि चढावर मागे सरकताना. आसनाची उंची आठशे पंचवीस मिलिमीटर असो वा पस्तीस, सपाट फरशीच्या शोरूममध्ये हा फरक नगण्य भासतो. पण पाणंदीत एका बाजूला चाकोरी असते, पाय जेथे टेकायचा तेथे जमीन चार बोटे खाली गेलेली असते, आणि त्या चार बोटांत गाडी ज्या कोनापर्यंत कलते त्या कोनात तिचा भार मांडीने पेलता आला नाही तर ती आडवी होते. भरलेल्या टाकीतले सतरा लिटर पेट्रोल सुमारे बारा-तेरा किलोंचे, आणि ते यंत्राच्या सर्वात उंच जागी साठवलेले. म्हणून टाकी भरलेली गाडी आणि अर्धी रिकामी गाडी कलताना वेगळ्या वागतात. माझ्या गाडीची अनेक वर्षे देखभाल करणाऱ्या मिस्त्रींना मी सल्ला विचारला, तेव्हा त्यांनी इंजिनाबद्दल एक शब्दही न काढता एवढेच सांगितले, "सर, पळवायला कुठलीबी येतीया. धरायला येती का ते बघा आधी." त्या वाक्यात या विषयाचे सार आले आहे.

यंत्राचा कस जमिनीवर लावावा ही शिकवण आपल्या जिल्ह्याला नवी नाही. येथून जवळच पलूस तालुक्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्याआधी बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या या पुरुषाने लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि ती दूर झाली ती जाहिरातीने नव्हे, नांगर मातीत चालून दाखवल्यावर. मोटारसायकलीलाही हाच न्याय लावावा असे मी ठरवले आणि परिचितांच्या सौजन्याने या गाड्या आपल्याच रस्त्यांवर चालवून पाहिल्या.

परीक्षेचा मार्ग निवडताना मला समर्थांच्या अकरा मारुतींचा फार उपयोग झाला. शहापूर, मसूर, चाफळचे दोन, शिंगणवाडी, माजगाव, उंब्रज, बहे, बत्तीस शिराळा, मनपाडळे आणि पारगाव अशी ही स्थाने सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत विखुरलेली असून त्यांना जोडणाऱ्या वाटेत महामार्ग, अंतर्गत डांबरी सडक, नदीकाठचा चिखल, डोंगराचा चढ आणि गर्दीची बाजारपेठ हे सारे क्रमाने येते. बह्याला कृष्णेच्या बेटाकडे उतरताना गाडीचा मंद वेगातील तोल कळतो. चाफळच्या खोऱ्यात शिरताना वळणांवरचे वर्तन कळते. आणि पारगावाहून परतताना महामार्गाच्या वाऱ्यात तासभर बसल्यावर आसन आणि समोरची काच यांची योग्यता समजते. याला जोड म्हणून शिराळा आणि पाटण तालुक्यांच्या सीमेवरील गुढे-पाचगणीच्या पठाराची चढण घेतली, मागे सहधर्मचारिणीला बसवून, कारण एकट्याने घेतलेली परीक्षा संसारी माणसाला अर्धीच उपयोगी पडते.

व्ही-स्ट्रॉमने मन जिंकले ते तिच्या सौम्य स्वभावाने. हवा आणि तेल यांनीच थंड होणारे साधे इंजिन, कमी वजन, कराच्या हद्दीतली किंमत. ज्याचा प्रवास नव्वद टक्के डांबरावर आहे त्याने यापेक्षा अधिक शोधू नये. परंतु तिचे पुढचे चाक १९ इंचांचे, पोटाखालचे अंतर २०५ मिलिमीटर, आणि खडीच्या उतारावर ती ज्या जपणुकीची अपेक्षा करते तिची माझ्या जुन्या गाडीने मला सवय लावली नव्हती. आरटीएक्स महामार्गावर अतिशय सुखद वाटली. तिचाही कल डांबराकडेच अधिक. केटीएम या चारांत सर्वांत चपळ, आणि तिच्या इंजिनाचे कौतुक करावे तितके थोडे. मात्र तिची शक्ती वरच्या फेऱ्यांत खुलते, आणि दोन माणसांना घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये चढ ओढताना मला ज्या संथ, खालून येणाऱ्या रेट्याची अपेक्षा होती तो हिमालयनमध्ये अधिक स्वाभाविक जाणवला. चाळीस न्यूटनमीटरचा तिचा पीळ साडेपाच हजार फेऱ्यांवरच पूर्णत्वास पोचतो, पुढचे चाक २१ इंचांचे आहे, पुढचे-मागचे दोन्ही चाके दोनशे मिलिमीटरपर्यंत वर-खाली होतात, आणि आसनाची किमान उंची ८२५ मिलिमीटर म्हणजे माझ्या एक्सपल्सच्या इतकीच आहे. ही शेवटची गोष्ट माझ्या दृष्टीने निर्णायक ठरली. वजन अडतीस किलोंनी वाढले, हे खरे. परंतु ते ज्या पायांवर यायचे ते पाय पूर्वी जेथे टेकत होते तेथेच टेकतात, आणि दोनशे किलोंची जी मर्यादा मी माझ्या शरीरासाठी आखून घेतली होती तिच्या आत ते राहते.

या निवडीत काही सोडावेही लागते, आणि त्याचा उच्चार करणे वाचकाच्या हिताचे आहे. जुनी गाडी कोकरूडच्या बाजारातला कोणताही मेकॅनिक उघडू शकत असे. नव्या गाडीत तारेने ओढायच्या थ्रॉटलच्या जागी विजेचा संकेत आहे, पुढे रेडिएटर आहे ज्याला दगडापासून जाळी लावून जपावे लागते, आणि बिघाड शोधायला संगणक जोडणारे सेवाकेंद्रच गाठावे लागते. ओल्या पाणंदीत ती एक्सपल्सइतकी निर्धास्तपणे घालता येणार नाही. म्हणून ज्याचे काम मुख्यतः शेताशिवारांत आणि वाड्यावस्त्यांवर आहे त्याने मोठ्या गाडीचा मोह धरू नये, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. माझी जुनी गाडी शिराळ्याच्या पश्चिमेकडील वाड्यांवर जनावरांच्या उपचारासाठी फिरणाऱ्या एका तरुणाने घेतली, आणि तिच्या दृष्टीने याहून उचित घर मिळाले नसते.

आणखी एक गोष्ट या गाड्यांच्या मालकांना आवर्जून सांगावीशी वाटते. चांदोली आणि कोयना ही वने २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत, आणि चांदोली, कोयना व कास ही तिन्ही स्थळे २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. आपल्या पठारांवरचा मातीचा थर जांभ्या खडकावर जेमतेम बोटभर असतो आणि पावसाळ्यात त्यावर उगवणारी फुले तेवढ्याच मातीवर जगतात. तेथे रस्ता सोडून गवतात घातलेल्या एका चाकाच्या चाकोरीतून पुढच्या पावसाचे पाणी वाट करून घेते आणि ती माती धुऊन नेते. गाडी रस्त्याबाहेर जाऊ शकते याचा अर्थ तिला सर्वत्र जाण्याची मुभा आहे असा होत नाही. पाणंद, गाडीवाट, वनखात्याने खुला ठेवलेला मार्ग एवढीच आपली हद्द मानावी.

आता ज्यांच्या मनात अशी गाडी घ्यावयाची आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की शोरूमच्या दारात जाण्याआधी वर्षभरात आपण कोणत्या रस्त्यांवर किती जातो याचा एक प्रामाणिक तक्ता करावा आणि लडाखच्या एका स्वप्नासाठी उरलेल्या साऱ्या वर्षाचा भार पत्करू नये. त्यानंतर ओळखीच्या माणसाची तीच गाडी त्याच्या संमतीने मागून घ्यावी, मऊ गवतावर आधाराने ती हळूच आडवी करावी, हँडल एका बाजूला पुरते वळवून, गिअर टाकून, आसनाला पाठ लावून पायांच्या जोराने मागे रेटत ती एकट्याने उभी करून पाहावी. उभी झाली तर ती आपली. न झाल्यास, तिची अश्वशक्ती कितीही मोहक असो, एक पायरी खालची गाडी घ्यावी आणि ती निश्चिंत मनाने चालवावी.